पेन्सिलीची फुली

इंग्लंडने युरोपात राहावं की निघून यावं, हे ठरवण्याची पाळी माझ्यावर आयुष्यात दोनदा आली. ज्या माणसाला स्वतःच्या घरातले पडदे कोणत्या रंगाचे असावेत हे कधी कुणी विचारलेलं नाही, त्याच्याकडे एक आख्खा देश येऊन म्हणतो, "आमचं कसं काय करायचं म्हणता?" बरं, दोन्ही वेळा माझ्या खिशातला पासपोर्ट भारताचा. पण राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असला की त्याला मत, असा इथला कायदा आहे. साहेबाने आमच्यावर दीडशे वर्षं राज्य केलं ते आम्हांला न विचारता. त्याची चुटपुट लागून राहिली असावी.

मी १९७२ च्या अखेरीला साताऱ्याहून लंडनला आलो आणि १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन कॉमन मार्केटात शिरलं. म्हणजे नव्या जागी आम्ही जवळजवळ एकदमच राहायला गेलो. फरक इतकाच, की मला पहिल्या खेपेला आत घेतलं आणि ब्रिटनला द गॉल साहेबांनी १९६३ साली एकदा आणि १९६७ साली पुन्हा एकदा दारातूनच परत पाठवलं होतं. त्याच १ जानेवारीला आणखी एक गोष्ट झाली. १९७१ चा स्थलांतराचा कायदा अमलात आला आणि आमच्यासारख्यांना इथे येणं कठीण झालं. एकाच दिवशी युरोपकडचं दार उघडलं आणि आमच्याकडचं ओढून घेतलं. मी आत होतो, म्हणून त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही. आगगाडीच्या डब्यात जागा मिळालेल्या माणसाला फलाटावरच्या गर्दीबद्दल जे वाटतं, तेच वाटलं.

आत शिरून अडीच वर्षं होताहेत न होताहेत तोच, आत आलो ते बरं केलं का, असा प्रश्न निघाला. हुजूर पक्षाच्या हीथ साहेबांनी देशाला आत नेलं होतं. नंतर आलेल्या हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षात या गोष्टीवरून उभी फूट. घरातलं भांडण मिटेना की आपण जिना उतरून शेजाऱ्यांना पंच करतो, तसं विल्सननी सगळ्या देशालाच पंच केलं. ५ जून १९७५ ही तारीख ठरली. सबंध देशाचं असं सार्वमत इथे पूर्वी कधी झालंच नव्हतं. मंत्र्यांना एकमेकांविरुद्ध भाषणं करायची मोकळीक मिळाली. डावे टोनी बेन आणि उजवे ईनॉक पॉवेल हे दोघं एकाच बाजूने, म्हणजे 'बाहेर पडा' म्हणून गर्जू लागले. उलट विरोधी पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर नऊ देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून 'आतच राहा' म्हणून हिंडत होत्या. पुढे याच बाई युरोपशी कशा भांडल्या ते पाहिल्यावर त्या स्वेटरचं काय झालं असेल, असं कुतूहल मला अजून आहे.

घरोघर सरकारी खर्चाने तीन पुस्तिका आल्या. एक 'हो' म्हणणाऱ्यांची, एक 'नाही' म्हणणाऱ्यांची आणि एक खुद्द सरकारची, म्हणजे पुन्हा 'हो'चीच. मी तिन्ही वाचल्या. सार्वभौमत्व, शेतीविषयक समान धोरण, जकातीची भिंत. हिने एकही वाचली नाही. हिचं मत आधीच पक्कं झालं होतं, आणि ते साखरेवर झालं होतं.

१९७४ साली इथे साखरेची टंचाई झाली होती. ज्या देशात आपण रेशनच्या रांगा चुकवायला आलो, तिथेच दुकानदार एका माणसाला एकच पुडा देई. दिवाळीच्या लाडवांसाठी मला तीन दुकानांत तीन वेगळ्या टोप्या घालून जावं लागलं. दुसरी तक्रार लोण्याची. इथे न्यूझीलंडचं लोणी मिळे आणि त्याचं तूप कसं रवाळ होई. मार्केटात गेल्यावर ते महागणार, अशी बोलवा होती. त्यात १९७३ साली या मार्केटवाल्यांनी स्वतःचं साठलेलं लोणी रशियाला पडत्या भावाने विकल्याचं हिच्या कानावर आलेलं. महागाई तर वर्षाला चोवीस-पंचवीस टक्क्यांनी चढत होती.

"अगं, पॉवेलसुद्धा 'नाही'च म्हणतोय," मी म्हटलं. "आपल्याला हाकलायला निघालेला माणूस. त्याच्या बाजूने मत देणार तू?"

"त्याला साखर मिळते का?" हिने विचारलं.

याला तिन्ही पुस्तिकांत उत्तर नव्हतं. आम्ही दोघं हातात हात घालून शाळेतल्या मतदान केंद्रावर गेलो. मी 'हो'वर फुली मारली, हिने 'नाही'वर, आणि आमच्या घराचा ब्रिटनच्या इतिहासावरचा परिणाम शून्य करून परत आलो. देशाने ६७ टक्क्यांनी 'हो' म्हटलं. 'नाही' म्हणणारे भाग दोनच निघाले, शेटलंड आणि पश्चिम बेटं. तिथल्या बायकांची आणि हिची ओळख नव्हती.

मध्यंतरी ग्रीनलंडने मात्र खरंच बाहेर पडून दाखवलं. पन्नासेक हजार वस्तीचा तो बर्फाळ मुलूख डेन्मार्कच्या शेपटाला बांधलेला म्हणून आत गेला होता. आपल्या पाण्यातले मासे परक्यांनी न्यावेत हे त्यांना सोसेना. १९८२ साली ५३ टक्क्यांनी कौल दिला आणि १९८५ साली ते बाहेर पडले. मासे हे कारण मला साखरेइतकंच सच्चं वाटतं.

आमच्याकडे कारण काकडीचं झालं. ब्रुसेल्सने १९८८ साली नियम केला होता, की अव्वल दर्जाच्या काकडीला दहा सेंटिमीटर लांबीमागे दहा मिलिमीटरपेक्षा जास्त बाक असता कामा नये. हा नियम २००९ साली रद्दसुद्धा झाला, पण लोकांच्या मनातून गेला नाही. मंडईत काकडी हातात धरून म्हातारे कोतारे इंग्रज एकमेकांना युरोप समजावून सांगताना मी पाहिले आहेत. २०१६ साली प्रचाराला एक तांबडी बस निघाली. आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, ते दवाखान्यांना देऊ, असं तिच्या अंगावर लिहिलेलं. हिशेब चुकीचा आहे, परत येणारे पैसे त्यात वजा केलेले नाहीत, असं सरकारी आकडेतज्ज्ञ कंठशोष करून सांगत होते. पण बसमागे धावणाऱ्याला कोण विचारतो?

तोवर आमच्या वेंबलीच्या घराला भिंत लावून नवं बिऱ्हाड येऊन दहा वर्षं झाली होती. गृहस्थ म्हापशाचे, विमानतळावर नोकरी. नाताळात बेबिंका आमच्याकडे यायची, दिवाळीत चकल्या तिकडे जायच्या. पासपोर्ट मात्र पोर्तुगालचा. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगाल आपलं नागरिकत्व देतं, आणि पोर्तुगाल १९८६ साली युरोपच्या मार्केटात शिरलेलं. तेव्हा माणूस म्हापशाचा, कागद लिस्बनचा, घर वेंबलीत. याच्या वडिलांनी १९६७ च्या जनमत कौलात 'दोन पानां'ना मत देऊन महाराष्ट्रात यायला नकार दिला होता, आणि चिरंजीव येऊन राहिले ते सातारकराच्या शेजारी! चौतीस हजारांच्या फरकाने झालेल्या त्या निकालावरून आमची दर रविवारी बागेच्या कुंपणावर एक फेरी होई.

या सार्वमतात त्याला मत नव्हतं. युरोपचा नागरिक पडला ना! म्हणजे इंग्रजी राज्याचा उरलासुरला मी, मला मत, आणि पोर्तुगीज राज्याचा उरलासुरला तो, त्याच्या राहण्याबद्दलचा प्रश्न, पण त्याला मत नाही.

"काका, तुमच्या हातात आहे सगळं," तो हसत म्हणायचा. तो हसायचा, पण दर रविवारी म्हणायचा.

आता एक कबुली देतो. माझा एक भाचा पुण्यात तंदूर सांभाळायचा. हात असा, की इथले हॉटेलवाले त्याला डोक्यावर घ्यायला तयार. पण पगाराच्या अटीत बसेना, म्हणून दोनदा व्हिसा नाकारलेला. तो फलाटावरच राहिला, आणि पलीकडच्या दाराने कुणीही युरोपीय बॅग घेऊन चढत होता. त्या मे महिन्यात राज्यमंत्री प्रीती पटेल म्हणाल्या, की बाहेर पडलो तर आपल्याकडचे आचारी आणता येतील, करीची हॉटेलं वाचतील. मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच पटलं. चाळीस वर्षांपूर्वी साखरेवरून हिला हसलो होतो. आता मी तंदुरी रोटीवर देश तोलत होतो.

"भाच्याला व्हिसा मिळाला नाही, यात शेजारच्यांनी काय केलं?" हिने विचारलं. हिच्या प्रश्नांना पुस्तिकांत उत्तर नसतंच.

२३ जून २०१६ ला लंडनमध्ये असा पाऊस कोसळला, की काही मतदान केंद्रांत पाणी शिरलं. मी एकटाच गेलो. तेव्हा ना बोटाला शाई लागे, ना ओळखपत्र. नाव सांगितलं की हातात कागद मिळे. केंद्रात दोरीला बांधलेली पेन्सिल असते. पेन्सिलीची खूण कुणी खोडील, घरून पेन न्या, अशी त्या वर्षी अफवा होती. मी न्यायला विसरलो. या वेळी 'हो-नाही' काढून टाकून 'राहावं' आणि 'सोडावं' असे दोन चौकोन केले होते. मी त्या फळकुटाआड इतका वेळ उभा राहिलो, की बाहेरच्या बाईंनी "सगळं ठीक ना?" म्हणून विचारलं. मग मी फुली मारली.

'सोडावं'ला १ कोटी ७४ लाख, 'राहावं'ला १ कोटी ६१ लाख. आमच्या ब्रेंट भागाने राहण्याचा कौल दिला होता, पण देशापुढे ब्रेंट किती? पुढची साडेतीन वर्षं निघायच्या तारखा लग्नाच्या मुहूर्तासारख्या पुढे पुढे गेल्या. अखेर ३१ जानेवारी २०२० च्या रात्री अकराला ब्रिटन बाहेर पडलं. अकराला, कारण तेव्हा ब्रुसेल्समध्ये बारा वाजतात. निघतानाही घड्याळ त्यांचंच पाहिलं. भाचा तोवर दुबईला गेला होता.

युरोपीयांना इथे राहायची परवानगी मागायला ३० जून २०२१ ही मुदत होती. शेजाऱ्याने शेवटचा महिना गाठला. अर्ज भरण्यात माझी उमर गेलेली, म्हणून तो लॅपटॉप घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आला. हिने शिरा केला. जुनी बिलं, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं टेबलावर पसरून आम्ही दुपारभर बसलो. आठवड्याभरात होकार आला, तसा तो कुंपणावर येऊन "देव बरें करूं" म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "काका, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही फुली कुठे मारलीत?"

मागे ही दोरीवरचे कपडे काढत होती. तिचे हात थांबले. तिनेही मला हे कधी विचारलं नव्हतं.

"पाऊस फार होता रे त्या दिवशी," मी म्हटलं.