मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट का बघायचे? डोळ्याच्या आकृतीचा इतिहास

हेडफोन लावलेत ना? चला तर मग.

दहावीच्या विज्ञानातली डोळ्याची आकृती आठवा. समोर पारपटल म्हणजे कॉर्निया, मागे परितारिका, तिच्या मधोमध बाहुली, त्यामागे भिंग आणि अगदी मागे पडद्यासारखं दृष्टिपटल, म्हणजे रेटिना. नावं द्या, मार्क घ्या, विषय संपला. पण या आकृतीतलं भिंग जवळपास चौदाशे वर्षं चुकीच्या कामावर नेमलेलं होतं, आणि त्याची किंमत लोकांनी आपले डोळे देऊन मोजली. आजचा एपिसोड त्याबद्दल.

सुरुवात करू गॅलनपासून. दुसऱ्या शतकातला रोमन साम्राज्यातला हा वैद्य. त्याचं म्हणणं होतं की पाहण्याचं मुख्य काम भिंग करतं. आज आपण रेटिनाला सेन्सर म्हणतो, तर त्याच्या मते भिंगच सेन्सर होतं. गॅलनचा शब्द इतका वजनदार की पुढे कित्येक शतकं वैद्यकाची पुस्तकं त्याच्याच आधारावर लिहिली गेली. १५४३ मध्ये व्हेसॅलियसने शरीररचनेचा प्रसिद्ध ग्रंथ छापला, त्यातही भिंग डोळ्याच्या बरोब्बर मध्यभागी काढलंय. जणू राजा सिंहासनावर!

आता मोतीबिंदूकडे या. आज आपल्याला माहीत आहे की मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेलं भिंगच. पण भिंग हीच दृष्टी मानली, तर ते गढूळ झालेला माणूस बरा होणारच नाही. आणि प्रत्यक्षात तर लोक बरे होत होते! मग हिशोब कसा जुळवायचा? बाहुली आणि भिंग यांच्यामध्ये मोकळी जागा आहे, तिथे शरीरातला द्रव उतरून गोठतो आणि पडदा तयार होतो, असं मानलं गेलं. अरबी वैद्य त्याला डोळ्यात उतरलेलं पाणी म्हणायचे. लॅटिनमधल्या ‘कॅटरॅक्टा’चा एक अर्थ धबधबा. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही कफामुळे दृष्टी झाकली जाते असं वर्णन येतं.

आणि उपचार? सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तो दिलाय. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक शलाका आत घालायची आणि बाहुलीमागचा अडथळा बाजूला सारायचा. अशाच पद्धती युरोपात आणि अरब जगातही होत्या. भूल नाही, निर्जंतुक हत्यारं नाहीत. तरी कित्येकांना त्याच बैठकीत उजेड दिसायचा, समोर धरलेली बोटं दिसायची.

हे कसं शक्य होतं? डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं साधारण दोन तृतीयांश काम कॉर्निया करतो. भिंग उरलेलं काम आणि जवळ-दूरचं फोकसिंग सांभाळतं. त्यामुळे भिंग बाजूला ढकललं तरी धूसर का होईना, दिसतं. म्हणजे वैद्य समजत होते की आपण पडदा सारतोय, आणि प्रत्यक्षात सारत होते भिंग.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे हा प्रकार मला फार ओळखीचा वाटतो. ‘चालतंय ना? मग हात लावू नका.’ उपाय चालत होता, म्हणून त्यामागचं स्पष्टीकरण कुणी तपासलंच नाही. पण ढकललेलं भिंग डोळ्यातच राहायचं. ते कधी परत वर यायचं, कधी सूज आणायचं, आत दाब वाढवायचं. काही दिवस उजेड पाहिलेले अनेक डोळे नंतर कायमचे जायचे. भिंग बाहेर काढावं हा विचार येणार कसा? दृष्टीच काढून टाकायला कोण तयार होईल?

ही गाठ सुटायला सुरुवात डॉक्टरांच्या दालनाबाहेर झाली. बसऱ्यात जन्मलेला आणि पुढे कैरोत राहिलेला इब्न अल-हैथम अकराव्या शतकात प्रकाशावर मोठा ग्रंथ लिहीत होता. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, असं तेव्हा बरेच जण मानायचे. त्याने सूर्याकडे पाहण्याचं उदाहरण दिलं. डोळे दुखतात, म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतंय. प्रकाश आत येतो हे त्याने नीट मांडलं, पण सेन्सर म्हणून भिंगच ठेवलं. कारण प्रकाशकिरण पुढे एकमेकांना छेदून गेले, तर चित्र उलटं पडणार. आपल्याला जग उलटं कुठे दिसतं?

१५८३ मध्ये बाझलच्या फेलिक्स प्लाटर या डॉक्टरने सांगितलं की पाहण्याचं काम रेटिना करतो. पण किरणांचं गणित मांडलं ते केपलरने. हो, ग्रहांच्या कक्षावाला केपलर. सूर्यग्रहण बारीक छिद्रातून पाहताना मोजमापं का चुकतात, याचा विचार करता करता तो डोळ्यापर्यंत पोहोचला. १६०४ च्या ग्रंथात त्याने दाखवलं की भिंग फक्त किरण गोळा करतं, चित्र रेटिनावर पडतं आणि ते उलटंच पडतं. ते सुलट कसं भासतं हा प्रश्न त्याने इतरांसाठी खुला ठेवला. उत्तर अर्धवट असतानाही पुराव्याच्या बाजूने उभं राहायला धाडस लागतं. पुढे १६२० च्या दशकात ख्रिस्तोफ शायनर या जेसुइट पाद्र्याने डोळ्याची मागची बाजू खरवडून ते उलटं चित्र प्रत्यक्ष दाखवलं.

म्हणजे भिंग राजा नव्हतं, चष्म्याच्या काचेसारखं एक भिंगच होतं. तरीही ऑपरेशन बदलायला शंभरहून जास्त वर्षं गेली. १७०५ मध्ये पिएर ब्रिसो या फ्रेंच डॉक्टरने मोतीबिंदू असलेल्या एका मृत सैनिकाच्या डोळ्यावर शलाकेचं ऑपरेशन केलं आणि मग डोळा कापून पाहिला. खाली ढकललं गेलं होतं ते गढूळ भिंग. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने आधी हे मानलंच नाही. पुढे पुरावे जमत गेले आणि विरोध मावळला. १७४७ मध्ये जाक दाव्हिएलने कॉर्नियाच्या कडेला छेद देऊन भिंग बाहेर काढलं. नवीन आकृती अखेर ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचली.

इथे एक मराठी धागाही आहे. तंजावरचे मराठे राजे सरफोजी दुसरे (१७७७–१८३२) यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. एकेका रुग्णाची वेगळी नोंद. आमच्या भाषेत, लॉग ठेवले होते राजांनी!

भिंग काढल्यावर लोकांना खूप जाड काचांचा चष्मा लागायचा. ती अडचण सोडवली लंडनच्या हॅरल्ड रिडलीने. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे तुकडे घुसायचे, पण डोळा ते सहन करतो हे त्याच्या लक्षात आलं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याने सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. मोठमोठ्या डॉक्टरांनी कित्येक वर्षं विरोध केला. डोळ्यात परकी वस्तू ठेवायची? म्हातारपणी रिडलीच्या स्वतःच्या डोळ्यांतही अशीच भिंगं बसवली गेली. आणि मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून ही भिंगं भारतातच बनवून किंमत कितीतरी पटींनी खाली आणली.

आता शीर्षकातला प्रश्न. ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही, थांबा,’ हे तुमच्याही घरी कुणीतरी म्हणत असेल. तो सल्ला जुन्या ऑपरेशनसाठी ठीक होता, कारण पिकलेलं, घट्ट झालेलं भिंग ढकलायला किंवा अख्खं काढायला सोपं जायचं. आज बारीक छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेतात, आणि त्यासाठी फार पिकलेलं, कडक भिंग उलट अवघड. ऑपरेशन बदललं, सल्ला मात्र तसाच राहिला.

तेव्हा आजी-आजोबा पायऱ्या चाचपडत उतरत असतील, तर पिकायची वाट बघू नका. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. कधी करायचं ते डॉक्टर ठरवतील. हा एपिसोड घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!