वकिलाच्या सनदेवरील निर्णयाचे पुनर्विलोकन

बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने वकिलाविरुद्धच्या तक्रारीत दिलेला निर्णय त्याच समितीने पुन्हा तपासावा, यासाठी करावयाचा अर्ज. भारतात त्याला अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 44 चा आधार आहे. अपील वरच्या मंचाकडे जाते. पुनर्विलोकनाचा अर्ज ज्यांनी निकाल दिला त्यांच्याच पुढे येतो.

व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे दाखल होते. महाराष्ट्र व गोव्यासाठी हे कौन्सिल एकच असून त्याचे कार्यालय मुंबईत आहे. तक्रारीची दखल घेण्याजोगे कारण दिसले, की ती तिघांच्या शिस्तपालन समितीकडे सोपवली जाते. समितीतील दोघे कौन्सिलचे सदस्य असतात, तिसरा कौन्सिलबाहेरचा अनुभवी वकील. साक्षीदारांना बोलावणे, शपथेवर जबाब घेणे, कागदपत्रे मागवणे याबाबत समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला समज देऊ शकते, ठरावीक काळासाठी त्याला निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव वकिलांच्या पटावरून काढून टाकू शकते. शेवटच्या दोन शिक्षांमध्ये सनद परत मागवली जाते. निलंबनाच्या काळात वकिलाला देशातल्या कुठल्याही न्यायालयात वकिली करता येत नाही, आणि चालू असलेल्या दाव्यांतल्या अशिलांनाही ऐन वेळी दुसरा वकील शोधावा लागतो.

आपलाच निकाल बदलण्याचा अधिकार कोणत्याही न्यायाधिकरणाला उपजत नसतो, तो कायद्याने द्यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये स्पष्ट केले आहे. कलम 44 तो अधिकार देते आणि बरेच मोकळेपणाने देते : समिती स्वतःहून किंवा अन्य प्रकारे पुनर्विलोकन करू शकते. त्यामुळे शिक्षा झालेला वकील जसा अर्ज करू शकतो, तसाच ज्याची तक्रार फेटाळली गेली तो पक्षकारही. या दुसऱ्या शक्यतेची माहिती सामान्य तक्रारदारांपर्यंत पोचायला हवी.

पुनर्विलोकनाची कारणे कलमात दिलेली नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 47 मधल्या कसोट्या येथे मार्गदर्शक ठरतात : रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक, योग्य ती खटपट करूनही आधी हाती न आलेला महत्त्वाचा पुरावा, किंवा तितकेच सबळ दुसरे कारण. अशिलाचे पैसे दडपल्याचा ठपका असेल, ते परत केल्याची पावती समितीपुढे दाखल असेल आणि निकालपत्रात तिचा उल्लेखच नसेल, तर ती उघड चूक होय. पावती विचारात घेऊन समितीने ती अविश्वसनीय ठरवली असेल, तर ते मत पटो न पटो, तो अपिलाचा विषय आहे. पुष्कळ अर्ज हा फरक न ओळखता लिहिलेले असतात. जुनाच युक्तिवाद नव्याने मांडला, की अर्ज नोटीस न निघताच फेटाळला जाणे साहजिक आहे.

निकाल एकतर्फी झाला असेल तर वाट वेगळी. हजर न राहण्याचे पुरेसे कारण दाखवून, प्रतिज्ञापत्रासह, आदेशापासून 60 दिवसांत तो रद्द करून घेण्याचा अर्ज भारतीय बार कौन्सिलच्या नियमांनुसार करता येतो. उशीर झाला तर विलंबमाफीही मागता येते.

मुदतीचा प्रश्न सगळ्यांत नाजूक आहे. कलम 44 प्रमाणे पुनर्विलोकन आदेशाच्या तारखेपासून 60 दिवसांत व्हायला हवे, आणि त्यासाठीचा सहीचा व प्रतिज्ञापत्राचा अर्ज, ठरलेल्या शुल्कासह, 30 दिवसांत द्यावा असे नियम सांगतात. कलम 37 खालच्या अपिलालाही 60 दिवसच आहेत. मात्र ते आदेश संबंधिताला कळवल्याच्या तारखेपासून मोजले जातात. आदेश 1 तारखेला झाला आणि सही-शिक्क्याची नक्कल 25 तारखेला टपालाने आली, तर अपिलाची पूर्ण मुदत शिल्लक असते. पुनर्विलोकनाच्या अर्जाला जेमतेम पाच-सहा दिवस उरतात. हा फरक अन्यायकारक आहे. दोन्ही मुदती कळवल्याच्या तारखेपासूनच धरायला हव्यात.

अर्जात प्रथमदर्शनी तथ्य आढळले तर दुसऱ्या बाजूला नोटीस देऊन सुनावणी होते. मात्र राज्याच्या समितीने पुनर्विलोकनात दिलेला आदेश भारतीय बार कौन्सिलने मान्य केल्याशिवाय अमलात येत नाही. ही अट योग्यच म्हटली पाहिजे. समिती आणि वकील एकाच व्यवसायातले, अनेकदा एकाच शहरातले. मूळ शिक्षा गाजावाजा करून द्यायची आणि पुढे आपसांत सौम्य करायची, याला त्यामुळे आळा बसतो.

अशा प्रकरणांत फक्त तक्रारदार आणि वकील हेच दोन पक्ष नसतात, हे मुंबईच्याच एका प्रकरणातून ठरले. एस्प्लनेड न्यायालयांच्या आवारात अशिलांना गाठून, ओढाओढी करून कामे मिळवल्याबद्दल महाराष्ट्राच्या समितीने काही वकिलांना तीन वर्षांसाठी निलंबित केले होते. भारतीय बार कौन्सिलच्या समितीने त्यांना दोषमुक्त केले. त्याविरुद्ध राज्याचे कौन्सिल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि व्यवसायाची शिस्त राखणे हे त्याचे कर्तव्य असल्याने तेही बाधित पक्ष ठरते, असे सात न्यायमूर्तींच्या पीठाने 1975 मध्ये सांगितले.

पुनर्विलोकनाचा अर्ज दिल्याने शिक्षा आपोआप थांबत नाही. अपिलानेही थांबत नाही. कलम 40 खाली स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि अपिलाची मुदत संपण्याआधी ती निकाल देणाऱ्या समितीकडेही मागता येते. पुनर्विलोकन प्रलंबित आहे म्हणून अपिलाची मुदत वाढेल, अशी तरतूद अधिनियमात नाही. अर्जदाराने कलम 37 चे 60 दिवस पहिल्यापासूनच मोजत राहावे.