सुशी, मासळी-भात आणि मेद

पनवेल हें गांव खाडीच्या कांठीं वसलें आणि खाडीनेंच तें वाढविलें. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी एके काळीं पडावांत बसून या बंदरीं उतरत असे व येथून पुढें बोरघाटाची वाट धरीत असे. १८३० सालीं त्या घाटांतून गाडीरस्ता खुला झाला, १८५२ सालीं गांवास नगरपालिका मिळाली. पुढें १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धावूं लागली. परंतु ती कल्याण-कर्जतच्या वाटेनें, आणि पनवेलचें बंदर हळूहळू मागें पडलें. वाहतूक गेली, तरी या मुलुखाचें जेवण मात्र बदललें नाहीं. खाजणांतला भात, खाडींतली मासळी आणि आगरांतलें मीठ या तीन वस्तूंवर येथील आगरी व कोळी समाजाच्या पिढ्या पोसल्या.

त्याच पनवेलांत २०१६ सालीं महानगरपालिका झाली, आणि त्याच्या आसपासच्या नव्या वस्तींतील लोकांच्या जेवणांत आतां सुशी नांवाचा जपानी पदार्थ येऊं लागला आहे. ज्यांस वजन कमी करावयाचें आहे ते त्याकडे मोठ्या आशेनें पाहतात. त्यांत तळण नाहीं, तूप नाहीं, घांस बेताचा आणि वर मासळीचा काप. तेव्हां हा पदार्थ पथ्याचाच असला पाहिजे, असें अनुमान सहज निघतें. पण घरांतील एखादी वडील स्त्री तो गोळा निरखून विचारते, ‘हा तर भातच कीं! घरचा भात पथ्याला चालत नाहीं, मग हा परदेशचा भात कसा चालतो?’ प्रश्न साधा असला तरी त्याचें उत्तर सोपें नाहीं. तें शोधावयाचें तर या दोन्ही मासळी-भातांचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहावा लागतो.

सुशीचा उगम जपानांत झाला नाहीं. आग्नेय आशियांतील नद्यांच्या खोऱ्यांत, जेथें भाताचीं शेतें व गोड्या पाण्यांतील मासे एकत्र आढळतात, तेथें मासे टिकविण्याची एक युक्ति निघाली. मासे साफ करून मीठ लावावयाचे, शिजविलेल्या भातांत दडपावयाचे आणि कित्येक महिने तसेच ठेवावयाचे. भात आंबतो, त्या आंबटपणामुळें मासा नासत नाहीं, आणि शेवटीं मासा खाऊन भात टाकून देतात. ही रीत जपानांत गेली. बिवा सरोवराच्या कांठीं ‘फुनाझुशी’ या नांवानें ती अद्यापि पाळली जाते. म्हणजे सुशीच्या मूळ रूपांत भात हें अन्न नसून मासा टिकविण्याचें साधन होतें. पुढें आंबविण्याचा काळ कमी होत गेला, भातही खाल्ला जाऊं लागला, आणि अखेर आंबण्याची वाट न पाहतां भातांत शिरका मिसळून तोच आंबटपणा तत्काळ आणण्याची पद्धत रूढ झाली.

आज ज्या रूपानें सुशी जगभर ओळखली जाते तें रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एदो शहरीं, म्हणजे आजच्या टोकियोंत, प्रचारांत आलें. हानाया योहेइ या आचाऱ्याचें नांव त्याच्याशीं जोडलें जातें. शिरका घातलेल्या भाताची मूठ वळून तिच्यावर मासळीचा काप ठेवावयाचा आणि गिऱ्हाइकानें तो उभ्या उभ्या खावयाचा, असा हा रस्त्यावरील खाद्याचा प्रकार होता. त्या काळचा घांस आजच्या घांसाच्या दुपटीहून मोठा असे. हें कष्टकऱ्यांचें, घाईंत असलेल्यांचें पोटभरीचें अन्न होतें. वजन घटविण्याचा विचार त्यामागें नव्हता. १९२३ सालच्या भूकंपानें टोकियो उद्ध्वस्त झालें, तेथील आचारी गांवोगांवीं पांगले, आणि त्यांच्याबरोबर हा पदार्थ साऱ्या जपानांत पसरला. पुढें तो अमेरिकेंत गेला. तेथें त्यांत लोणीफळ, अंड्यांचें दाट तैलयुक्त सारण, तळलेली कोळंबी असे नवे जिन्नस शिरले आणि मूळचा साधा घांस पुष्कळ ठिकाणीं ओळखूं येईनासा झाला.

याच एदो शहरानें भाताविषयीं एक कठोर धडाही दिला आहे. शहरांतील लोक सडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ खाऊं लागले, आणि त्यांच्यांत पाय बधिर होण्याचा, सुजण्याचा व अखेर हृदय बंद पडण्याचा एक रोग पसरला. त्यास ‘एदोचें दुखणें’ म्हणत. वैद्यकांत त्याचें नांव बेरीबेरी. १८८२-८३ सालीं ‘र्युजो’ या जपानी युद्धनौकेच्या सफरींत ३७६ जणांपैकीं १६९ जणांस हा रोग जडला आणि २५ जण मरण पावले. आरमाराचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनीं १८८४ सालीं ‘त्सुकुबा’ ही नौका त्याच मार्गानें पाठविली. मात्र खलाशांच्या शिध्यांत मांस, दूध, जव यांची भर घातली. या खेपेस एकही मृत्यु झाला नाहीं. ताकाकींस कारण प्रथिनांच्या उणीवेंत दिसलें; खरें कारण तांदळाच्या कोंड्यांतील जीवनसत्त्वांत होतें. त्या वाटेवरचें पहिलें संशोधन जाव्हा बेटांत कोंबड्यांवर प्रयोग करणाऱ्या आइकमान यांनीं केलें व त्यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. जो कमी खाऊं पाहतो त्याला हा धडा विशेष लागू आहे. कारण थोड्या अन्नांत शरीराच्या सर्व गरजा भागवावयाच्या, तर त्या थोड्याची निवड अधिक काळजीनें करावी लागते.

आतां पनवेलकडे वळावें. येथेंही मासळी टिकविण्याचा प्रश्न होताच. पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं होड्या कांठाला लागत आणि चुली मात्र पेटत्या ठेवाव्या लागत. त्याचें उत्तर कोंकणानें भातांत न शोधतां उन्हांत व मिठांत शोधलें. बोंबील वलांडीवर वाळत घातले, जवळा खळ्यावर पसरला, आणि चार महिन्यांची बेगमी झाली. भात आणि मासा दोघांकडेही होते, पण त्यांचें नातें निराळें जुळलें. जपान्यांनीं माशासाठीं भात वापरला. कोंकण्यांनीं भातासाठीं मासा वापरला. सुक्या मासळीचा एक तुकडा ताटभर भातास चव आणतो, आणि गरिबाच्या घरीं त्या तुकड्याचें कामच तें होतें.

खाऱ्या जमिनींत पिकणारा ‘राता’ नांवाचा लाल तांदूळ हेंही या पट्ट्याचें वैशिष्ट्य. बांध फुटून खाडीचें पाणी शेतांत शिरलें तरी तग धरणारें हें पीक होय. हातसडीच्या लाल तांदळांत कोंड्याचा बराच अंश राहतो व तो सावकाश पचतो. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानें क्षार सोसणाऱ्या भाताच्या ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ अशा जातीही निर्माण केल्या आहेत. तथापि गिरण्या आल्या, बाजारांत पांढऱ्या तांदळास मान मिळाला, आणि लाल भात गरिबीची खूण समजला जाऊन बहुतेक ताटांतून नाहींसा झाला.

मेदाचा विचार पनवेलास परका नाहीं. १८७२ सालीं कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं येथें ‘धूतपापेश्वर’ हा औषधांचा कारखाना स्थापिला आणि आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितींत गांवाचें नांव देशभर केलें. ज्या शास्त्रावर हा कारखाना उभा राहिला त्यांतील चरकसंहितेंत अतिस्थूल मनुष्याचें वर्णन सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत आहे. त्याचीं कारणें म्हणून अति भोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप आणि जन्मजात प्रकृति हीं सांगितलीं आहेत. उपाय सांगतांना ग्रंथकार स्थूल मनुष्यास उपाशी राहावयास सांगत नाहीं. पचावयास जड, परंतु पुष्टि न वाढविणारें असें अन्न द्यावें, असा त्याचा मार्मिक सिद्धांत आहे. जव, मूग, कुळीथ, ताक हीं त्यानें त्यासाठीं निवडलीं. पोट भरल्याचें समाधान मिळावें पण चरबी वाढूं नये, हा आजच्या आहारशास्त्राचाही हेतु आहे. म्हणूनच तें प्रथिनें व कोंडा यांवर भर देतें.

मग प्रश्न उरतो तो असा कीं, भात खाणारे पनवेलचे पूर्वज स्थूल कां झाले नाहींत? याचें उत्तर ताटांत नसून ताटाबाहेर आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या कोष्टकाप्रमाणें बैठें काम करणाऱ्या पुरुषास दिवसास सुमारें २११० उष्मांक लागतात. जड अंगमेहनत करणाऱ्यास ३४७०. दोहोंतील अंतर १३६० उष्मांकांचें, म्हणजे जवळजवळ ३९० ग्रॅम कोरड्या तांदळाचें आहे. मिठागरांत फळी ओढणाऱ्या, चिखलांत भात लावणाऱ्या, जाळें खेंचणाऱ्या माणसाच्या अंगीं हा तांदूळ जिरून जाई. तो अधिक खात होता असें म्हणण्यापेक्षां त्याचें काम अधिक मागत होतें, असें म्हणणें योग्य होईल.

हें काम कसें गेलें, तेंही इतिहासांत नमूद आहे. १९७० सालीं नवी मुंबई वसविण्यासाठीं सिडको ही संस्था निघाली, आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी त्या योजनेंत आल्या. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशीं झालेल्या गोळीबारांत पांच शेतकऱ्यांनीं प्राण गमावले. त्या लढ्यांतून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. जमिनीचा मोबदला कांहींना मिळाला, कांहींना तो उशिरां मिळाला. परंतु गेलेल्या श्रमाचा हिशेब कोणी मांडला नाहीं. शेत गेलें, मिठागर बुजलें, खाडी आटली; घरांत मोटार आली आणि चुलीवरचें भाताचें भांडें मात्र पूर्वीच्याच मापाचें राहिलें. मधुमेहाची गोळी ज्या घरीं आज ताटाशेजारीं ठेवावी लागते, तेथें दोष भाताच्या माथीं मारण्यापूर्वीं ही गोष्ट ध्यानीं घेतली पाहिजे.

यास आणखी एक अंग आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडांतील डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं स्वतःच्याच देहांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, म्हणजे निर्देशांक २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के निघाली. भारतीय मनुष्य दिसावयास कृश असूनही आंतून मेदस्वी असूं शकतो, हें त्यावरून स्पष्ट झालें. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं आशियाई लोकांनीं निर्देशांक २३ झाला कीं सावध व्हावें, असें सुचविलें. तेव्हां केवळ तराजूवर विसंबून चालत नाहीं. पोटाचा घेर व स्नायूंचें बळ यांकडेही पाहावें लागतें.

आतां त्या वडील स्त्रीच्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. मूठवळ्या सुशीच्या एका घांसांत साधारण २० ग्रॅम भात असतो. आठ घांसांत १६० ग्रॅम भात व सुमारें १०० ग्रॅम मासळी धरली, तर एकूण तीनशें ते साडेचारशें उष्मांक होतात आणि वीसएक ग्रॅम प्रथिनें मिळतात. एका वेळच्या जेवणास हें बेताचें आहे. वजन कमी करणाऱ्याच्या आहारांत तें खुशाल बसतें. परंतु तळलेल्या कोळंबीचे, तैलयुक्त सारणाचे वळे घेतले किंवा आठाचे सोळा घांस झाले, तर हिशेब बिघडला. भातांत शिरक्याबरोबर साखरही असते. सोयाबीनच्या आंबट-खारट रसाच्या एका मोठ्या चमच्यांत दोन ग्रॅमांहून अधिक मीठ येतें, आणि दिवसाची मर्यादा पांच ग्रॅमांच्या आंतच सांगितलेली आहे. रक्तदाब असणाऱ्यानें तेथें हात आंखडावा. कच्ची मासळी योग्य काळ गोठवून तींतील परजीवी कृमि मारलेले असावेत, आणि गर्भवती स्त्रियांनीं ती टाळावी, हेंही सांगणें अवश्य आहे.

परंतु जो गुण या ताटलींत आहे तो पनवेलच्या मासळीबाजारांतही मिळतो, व पुष्कळ स्वस्त मिळतो. सुशी हलकी वाटते ती भात मोजून दिलेला असतो म्हणून. घरचा भातही तसाच मोजून, एका वाटीपुरता घेतला, तो हातसडीचा असला, त्याबरोबर बांगड्याचें किंवा बोंबलांचें चिंचेच्या आंबटाचें पातळ कालवण भरपूर घेतलें, रव्यांत तळलेली तुकडी सणापुरती ठेवली आणि शेजारीं कुळथाची पिठी वा पालेभाजी असली, तर त्या जेवणाचे उष्मांक सुशीच्या ताटलीहून फारसे निराळे होत नाहींत. सुकी मासळी मात्र धुवून, खारटपणा काढून खावी.

तेव्हां सुशीस मज्जाव करण्याचें कारण नाहीं आणि तिला औषध समजण्याचेंही कारण नाहीं. एदोच्या हमालानें ती उभ्यानें खाल्ली व तो ओझें उचलावयास गेला. पनवेलच्या आगऱ्यानें भात खाल्ला व तो बांधावर गेला. दोघांचेंही अन्न त्यांच्या कष्टाच्या मापानें बेतलेलें होतें. ज्याचे कष्ट गेले त्यानें आपल्या ताटाचें माप नव्यानें ठरवावें, आणि जमेल तेवढें चालणें, पोहणें, उचलणें पुन्हा दिवसांत आणावें. मग वाटींत राता तांदूळ असो कीं शिरक्याचा भात असो, घरांतील वडील स्त्रीस तो निर्धास्तपणें वाढतां येईल.