शिकवायला पैसा मिळाला, तपासायला नाही



आजची गोष्ट चेन्नईतल्या एका हॉस्पिटलपासून सुरू करतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या मामांची बायपास तिथे झाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक तरुण मुलगी आली. तिने मामांना आधीचे आजार, औषधं, सवयी सगळं विचारून घेतलं, छाती तपासली, रिपोर्ट चाळले. आमचं आपापसातलं बोलणं ऐकून हसली आणि म्हणाली, "मी सोलापूरची आहे, मराठीत बोला." मामांनी तिला डॉक्टर म्हणताच तिने लगेच दुरुस्त केलं, "काका, मी डॉक्टर नाही. फिजिशियन असिस्टंट आहे."

ती गेल्यावर मामांनी मला हळूच विचारलं, "म्हणजे कंपाउंडर का रे?"

नाही. कंपाउंडर नाही आणि नर्सही नाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्णाला तपासणारा, ऑपरेशनमध्ये मदत करणारा, नंतरची विचारपूस सांभाळणारा हा वेगळा प्रशिक्षित माणूस. आपल्या देशात त्याचं शिक्षण १९९२ मध्ये चेन्नईच्याच मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झालं. ते सुरू करणारे डॉ. के. एम. चेरियन हे हृदयशल्यविशारद.

ती मुलगी आता एका कॉलेजात हाच विषय शिकवते. मागच्या दिवाळीत तिचा फोन आला. म्हणाली, "सर, माझ्या हाताखालून सात बॅचेस गेल्या. या मुलांमुळे पेशंटला काय फरक पडला असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. अभ्यास करते म्हटलं तर कॉलेज म्हणतं, तुम्हाला शिकवायला ठेवलंय."

हे गाऱ्हाणं तिचं एकटीचं नाही. त्याला साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजून घ्यायला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात जावं लागतं.

तिथल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड हे मेडिसिनचे विभागप्रमुख होते. डॉक्टर कमी आणि काम जास्त, ही त्यांची अडचण. आधी त्यांनी थेल्मा इंगल्स या परिचारिका-शिक्षिकेबरोबर अनुभवी नर्सेससाठी पुढचा अभ्यासक्रम आखला. नर्सिंग शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता दिली नाही. मग स्टेड यांची नजर नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सहायकांवर गेली. या मुलांनी जहाजांवर जखमा बांधल्या होत्या, पण गावी आल्यावर त्या अनुभवाला नोकरीच्या बाजारात किंमत नव्हती. १९६५ मध्ये अशा चौघांना घेऊन वर्ग सुरू झाला. १९६७ मध्ये तिघे उत्तीर्ण झाले. हा झाला या व्यवसायाचा जन्म.

आता पैशाकडे या. १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने आरोग्य मनुष्यबळाचा कायदा केला आणि या अभ्यासक्रमांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली. हेतू स्पष्ट होता: प्राथमिक उपचार करणारी माणसं वाढवा, जिथे डॉक्टर जात नाहीत तिथे त्यांना पाठवा. अभ्यासक्रम भराभर वाढले. पण हा पैसा प्रशिक्षणाचा होता. वर्ग चालवा, विद्यार्थी बाहेर काढा. ते विद्यार्थी पुढे कुठे गेले, कसं काम करतात, कोणत्या पद्धतीने शिकवलेलं टिकतं, हे तपासण्याची सोय मात्र तुटपुंजीच राहिली.

त्यात शिक्षक कोण होते? बहुतेक दवाखान्यातून आलेले. रुग्ण तपासण्यात तयार, पण संशोधनाचं शिक्षण नाही, पीएचडी विरळा. मोठ्या निधीसाठी अर्ज करायचा तर आधीचं संशोधन दाखवावं लागतं. ते करायला निधी लागतो. आधी पोहायला ये, मग पाण्यात उतर, असला प्रकार.

ही कोंडी थोडीफार फोडली ती शिक्षणसंस्थांच्या संघटनेने. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेला पुढे फिजिशियन असिस्टंट एज्युकेशन असोसिएशन असं नाव मिळालं. तिने शिक्षकांसाठी छोटी संशोधन अनुदानं ठेवली. मोठ्या वैद्यकीय संशोधनापुढे ही रक्कम चिल्लर वाटेल. पण अशा रकमेतून काय मिळतं पाहा: आठवड्यातले दोन तास कमी होतात, आकडेवारी तपासून देणारा माणूस मिळतो, प्रश्नावली छापून होते. आणि पुढच्या अर्जात लिहायला एक ओळ मिळते.

तुम्ही म्हणाल, एवढी उठाठेव कशाला? माणूस काम करतोय ना, पुरे. याचं उत्तर अमेरिकेपेक्षा आपल्या छत्तीसगडने जास्त चांगलं दिलंय. रायपूर-बिलासपूरच्या आपल्या मराठी मंडळींना हे आठवत असेल.

नवं राज्य झाल्यावर २००१ मध्ये तिथे ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला गेला. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं, पदवीचं नावही बदलत राहिलं. हे अर्धवट डॉक्टर लोकांच्या जिवाशी खेळतील, हा मुख्य आक्षेप. त्याला हो किंवा नाही म्हणायला पुरावा कुणाकडेच नव्हता. अभ्यासक्रम काही वर्षांत बंद पडला. उत्तीर्ण झालेली मुलं ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाली. मग २०१० च्या सुमारास संशोधकांनी तिथे जाऊन पाहणी केली. नेहमीच्या आजारांचं निदान आणि उपचार यांत हे सहायक एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे निघाले.

पुरावा आला, पण वर्गाला कुलूप लागल्यावर. हीच पाहणी पहिल्या बॅचपासून शिक्षकांनीच सुरू ठेवली असती तर अभ्यासक्रम वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. निदान भांडण माहितीवर झालं असतं.

२०२१ च्या आपल्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आणि त्याच्या यादीत फिजिशियन असोसिएटही आहेत. म्हणजे कॉलेजं वाढणार, आणि तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला जाणार. या वेळी शिक्षकांसाठी संशोधनाचा थोडा निधी आणि थोडा वेळ पहिल्या दिवसापासून राखून ठेवला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

फोनवर मी तिला सांगितलं, "अनुदान मिळेल तेव्हा मिळेल. तू आधी एक वही घाल. कोणता विद्यार्थी कोणत्या जिल्ह्यातून आला आणि पाच वर्षांनी कुठे आहे, एवढंच लिही." परवा तिचा मेसेज आला. पहिल्या दोन बॅचेसची नोंद पूर्ण झाली आहे आणि कॉलेजला न विचारता तिने अर्जाचा मसुदाही लिहायला घेतलाय.

तुमच्या घरात किंवा ओळखीत या क्षेत्रात कुणी असेल तर त्यांचा अनुभव मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.