यकृतातील एक विकर आणि दुग्धाम्लाचा परतीचा मार्ग

शास्त्रीय संज्ञा पुष्कळदा वस्तूच्या स्वरूपापेक्षा तिच्या शोधाचे स्थळच अधिक सांगतात. स्वीडनमधील रसायनज्ञ शेले यांना १७८० मध्ये आंबलेल्या दुधात जे आम्ल आढळले, त्यास दुग्धाम्ल हे नाव मिळाले. पुढे बर्झेलियस यांनी तेच प्राण्यांच्या स्नायूंत दाखविले, तरी नाव दुधाचेच राहिले. श्रम करणाऱ्या स्नायूंत हे आम्ल निर्माण होते हे कळल्यावरही, त्याचे पुढे काय होते हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता.

त्याचे उत्तर कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याने दिले. प्राग येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२२ साली अमेरिकेत गेलेल्या या दोघांनी बफेलो येथील प्रयोगांवरून १९२९ मध्ये असे प्रतिपादन केले की, स्नायूंतील दुग्धाम्ल रक्तावाटे यकृतात येते, तेथे त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनते आणि ते स्नायूंकडे परत जाते. हेच पुढे ‘कोरी चक्र’ म्हणून प्रसिद्धीस आले.

त्याच वर्षी जर्मनीत एडगर फॉन गिर्के या विकृतिशास्त्रज्ञाने एका विलक्षण रोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मृत बालकांची यकृते व मूत्रपिंडे ग्लायकोजेनच्या साठ्याने अतिशय मोठी झाली होती. या रोगात साठा विपुल असूनही थोड्याशा उपवासाने रक्तातील शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

या दोन शोधांमधील दुवा १९५२ मध्ये सापडला, आणि तोही कोरी दांपत्यालाच. ग्लायकोजेनपासून असो वा दुग्धाम्लापासून असो, यकृतात आधी ग्लुकोज-६-फॉस्फेट तयार होते. त्याचा फॉस्फेट-अंश वेगळा झाल्याखेरीज ग्लुकोज रक्तात जाऊ शकत नाही. हे अखेरचे कार्य ग्लुकोज-६-फॉस्फेटेज या विकराचे होय. काही रुग्णांच्या यकृतात ते विकर जवळजवळ नव्हतेच. आनुवंशिक रोगाचे मूळ एका विशिष्ट विकराच्या अभावात प्रत्यक्ष दाखविल्याचे हे आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय.

द्वार बंद असल्यामुळे अडलेले ग्लुकोज-६-फॉस्फेट दुसऱ्या वाटेस लागते. त्यापासून पायरुव्हेट व पुढे दुग्धाम्ल बनते. स्नायूंतून आलेले दुग्धाम्लही ग्लुकोजच्या रूपाने बाहेर पडू शकत नाही. रक्तात शर्करा घटते आणि त्याच वेळी दुग्धाम्ल वाढते, ते यामुळेच. चक्राचा सिद्धांत निरोगी प्राण्यांवरून मांडला गेला. त्यातील शेवटच्या पायरीचे मोल मात्र ती पायरी नसलेल्या बालकांमुळे कळले.

या ज्ञानाचे फळ रुग्णांच्या पदरी पडण्यास आणखी काळ जावा लागला. गर्टी कोरी १९५७ मध्ये निवर्तल्या. मक्याचा न शिजविलेला स्टार्च ठरावीक वेळी देण्याचा उपचार १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सावकाश पचतो, शर्करा टिकवून धरतो आणि दुग्धाम्लाची वाढही आटोक्यात ठेवतो. नसलेले विकर त्यायोगे मिळत नाही. परंतु यकृतावर ग्लुकोज पुरविण्याची पाळीच येऊ न दिल्याने बंद द्वारापाशी होणारी कोंडी पुष्कळ अंशी टळते.