इफ्तारीच्या ताटातला मराठवाडा

इतिहास म्हटला की लढाया, तहनामे आणि सनावळ्या, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. घरातल्या दस्तरखानाला इतिहासाचे साधन मानायला कोणी तयार नसते. आम्हाला मात्र वाटते की, मराठवाड्यातील मुसलमान कोठून आले आणि इथलेच कसे झाले हे समजून घ्यायचे असेल, तर इफ्तारीचे ताट वाचायला शिकले पाहिजे.

रमजान आला की आपल्या शहराच्या नान-खलियाची चर्चा होते. त्याची कथा सर्वांना पाठ आहे. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला हलविली. एवढ्या मोठ्या लष्कराला जेवू घालण्यासाठी तंदूर आणि देगा लागल्या व त्यातून हा पदार्थ जन्मला, असे सांगतात. कथा गोड आहे. पण तिला एक प्रश्न विचारावा लागतो. खलियाला आजचा तिखटपणा देणारी मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात हिंदुस्थानात आणली. तुघलकाच्या देगेत तिखटपणा असलाच तर तो मिऱ्यांचा असणार. 'कलिया' हे नाव जुने आहे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त ते नोंदविले आहे. परंतु आज आपण खातो तो खलिया कोण्या सुलतानाने दिल्लीहून आणला नाही. तो पुढच्या दोन-चार शतकांत इथल्याच हातांनी घडविला.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तुघलकाच्या दरबारात राहिला आणि पुढे दौलताबादलाही आला. दरबारी जेवणाआधी साखरेचे शरबत देत, हे त्याने लिहून ठेवले. खिमा, बदाम, पिस्ते आणि कांदा भरलेल्या समोशाचेही वर्णन केले. दौलताबादची द्राक्षे व डाळिंबे त्याला आवडली. मराठ्यांच्या आहारात तांदूळ, भाज्या आणि तिळाचे तेल असते, हेही त्याने टिपले. तेव्हा ही दोन ताटे वेगळी होती. आजच्या इफ्तारीत शरबत आहे, समोसा आहे, डाळिंबाचे दाणेही आहेत. ती दोन ताटे केव्हा एक झाली, याची नोंद कोणत्याही बखरीत नाही. ती स्वयंपाकघरात झाली.

रोजा खजुराने सोडावा, खजूर नसेल तर पाण्याच्या घोटाने, ही पैगंबरांची सुन्नत. खजूर परदेशातून येतो. पाणी मात्र इथले. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी गाव वसविले. तेच 1653 मध्ये औरंगाबाद आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. हबश देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि जमिनीखालच्या नहरींनी त्याने या शहराला पाणी पाजले. पुढे अशाच नहरीच्या पाण्यावर पाणचक्कीचे जाते फिरले आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर-वाटसरूंसाठी पीठ दळले गेले. गावाची नावे बदलत गेली. तहान आणि भूक तीच राहिली.

आता घरातले ताट पाहा. भज्यांचे बेसन हरभऱ्याचे, घुगनीतला काळा हरभराही इथल्याच रानातला. दहीवडे उडदाचे. हलीमचे मूळ अरबांच्या हरीसात. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून आलेल्या अरबांचे वंशज आज मराठवाड्यात 'चाऊस' म्हणून ओळखले जातात. हरीसात गहू आणि मांस. आपल्या हलीममध्ये डाळी व गरम मसाला मिसळला. पाहुणा पदार्थ इथे राहिला तो असा इथला होऊन.

चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2030 मध्ये तर तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर, असा दोनदा सुरू होईल. म्हणून एका बाईच्या हयातीत इफ्तारीचा बेत अनेकदा बदलतो: उन्हाळ्यात टरबूज आणि लिंबाचे शरबत, थंडीत गरम शोरबा. 1972 च्या दुष्काळात रमजान ऑक्टोबर-नोव्हेंबरात होता. त्या वर्षी चिमूटभर मीठ आणि पाण्यावर रोजा सोडून मिलोची भाकरी खाल्ल्याचे आमच्या घरातली वडीलधारी माणसे सांगत. शेजारची हिंदू घरेही तीच मिलो खात होती. दुष्काळाने दोन ताटांत फरक केला नाही.

हे सारे आजवर टिकले ते आपल्या दादी-नानींमुळे. त्यांचे माप म्हणजे मूठ, चिमूट आणि अंदाज. मगरिबच्या अजानीआधी ताटावर रुमाल झाकून शेजारी पाठवायचे आणि रिकामे ताट परत येताना त्यांच्या घरची कृती आपल्या घरी यायची. ही देवाणघेवाण हीच त्यांची पाठशाळा होती. आता इफ्तारी बाजारातून तयार येते. चवीची तक्रार नाही. पण आणलेल्या ताटाबरोबर कृती येत नाही.

आमच्या उर्दू शाळेतल्या मुलींना पानिपतच्या लढायांचे सन पाठ असतात. आपल्या नानीची घुगनी कशी होते हे विचारले की त्या एकमेकींकडे पाहतात. म्हणून यंदा आम्ही त्यांना गृहपाठ दिला आहे. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईकडून इफ्तारीची एक कृती विचारून आणायची. कोणाकडून शिकली, कोणत्या गावची, दुष्काळात काय बदलले, तेही लिहायचे. एक प्रत उर्दूत, एक मराठीत. मराठीत अशासाठी की, हा इतिहास केवळ मुसलमानांचा नाही, मराठवाड्याचा आहे, आणि तो शेजाऱ्यालाही वाचता आला पाहिजे. आमच्या वाचकांनीही हा गृहपाठ करावा. सांगणाऱ्या आहेत तोवरच तो होण्यासारखा आहे.