कॅम्पातली तार

गोव्यातल्या माणसाला बेळगाव हे परके गाव कधीच वाटत नाही. लग्नाचा बस्ता, भाजी, दूध, कुंदा, सगळ्याची वाट चोर्ल्याच्या घाटातूनच येते. माझी थोरली बहीण तर लग्न होऊन बेळगावच्या कॅम्पातच गेली. परवा जोडून सुट्टी मिळाली म्हणून तिच्याकडे गेलो आणि तीन दिवस एका तारेपायी अडकून पडलो. त्या तारेची ही गोष्ट.

किल्ला १८१८ साली इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे त्याच्या आसपास लष्कराची छावणी वसली. तोच हा कॅम्प. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्रही बेळगावातच. ताईचे घर जुन्या पद्धतीचे, कौलारू, पुढे व्हरांडा आणि मागेपर्यंत एकामागून एक खोल्या. भिंती दोन-दोन फूट जाडीच्या. उन्हाळ्यात घर गार राहते, पण वाय-फायचे मात्र हाल होतात. फायबरची तार व्हरांड्यात येते, राउटर तिथेच, आणि भाचीची खोली शेवटची. मध्ये तीन भिंती.

भाची पुण्याच्या एका कंपनीत आहे, काम घरून करते. बैठकीत तिचा आवाज तुटायचा, चित्र गोठायचे. शेवटी वरिष्ठांनी सांगितले, महिनाभरात नेट सुधारा, नाहीतर पुण्याला या. भावोजी जाऊन दोन वर्षे झाली. ताई बोलली नाही काही, पण मला चहा देताना एवढेच म्हणाली, "बघ रे, तुला काही जमतं का."

मी सरकारी कारकून, कलाशाखेचा पदवीधर. माझे ज्ञान ते किती! पण भिंत आडवी आली तर तार टाकावी, एवढे कळत होते. इलेक्ट्रिशियनला बोलावून व्हरांड्यातून वळचणीने मागच्या खोलीपर्यंत तार ओढली. तीसेक मीटर भरली असेल. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते, तेव्हा काळजी नव्हती. आणि मग लक्षात आले की भाचीच्या लॅपटॉपला ती तार खोचायला जागाच नाही!

२००८ च्या सुमारास लॅपटॉप पातळ करायची चढाओढ लागली आणि त्यात नेटच्या तारेचे ते चौकोनी भोक गेले. पण कंपनीने भाचीला दिलेल्या मोठ्या मॉनिटरच्या पाठीमागे ते होते. मॉनिटरला नेट कशाला, असे मला आधी वाटले. खरे म्हणजे मॉनिटरच्या पोटात एक छोटे नेटवर्क कार्डच बसवलेले असते आणि ते यूएसबीच्या वाटेने लॅपटॉपशी बोलते. तार मॉनिटरला लावली. चित्र आले, नेट नाही! कारण मॉनिटर आणि लॅपटॉप जोडले होते एचडीएमआयने. ती वाट चित्राची आणि आवाजाची, यूएसबी तिच्यातून जात नाही. खोक्यातली यूएसबी-सी केबल काढून लावली, तेव्हा एकाच केबलमधून चित्र, वीज आणि नेट तिन्ही आले.

पण वेग मोजला तर ९४. करार ३०० मेगाबिटचा. पुन्हा मोजला, पुन्हा ९४.

रात्री त्याच तारेवर वाचत बसलो. या तारेत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, एकमेकींना पीळ दिलेल्या. हा पीळ १८८१ सालचा. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने शोधला. दोन तारा पिळल्या की बाहेरचा खरखराट दोघींत सारखाच शिरतो आणि पलीकडे वजा करता येतो. या तारेवर जी भाषा चालते ती ईथरनेट. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफने ती कल्पना मांडली. गंमत म्हणजे तिचे मूळ बिनतारी होते! हवाई बेटांवरचे संगणक रेडिओने जोडणाऱ्या अलोहानेटवरून ती सुचली. नाव घेतले ईथरचे. प्रकाश ज्यातून जातो असे एके काळी मानत, ते सर्वव्यापी तत्त्व.

ईथर म्हटल्यावर मला गोंयकाराला कॅसलरॉकच आठवणार. १९५५ साली नाकेबंदी झाली, गोव्याची रेल्वे तुटली, सीमा बंद झाली. तेव्हा वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून गुप्त रेडिओ चालवला. आधी आंबोलीच्या रानातून, मग कॅसलरॉकहून. पोर्तुगीज आणि कोकणीतून तो आवाज घाट उतरून घराघरांत जायचा. सालाझारला तो थांबवता आला नाही. पुढे डिसेंबर १९६१ मध्ये बेळगावातच सैन्य गोळा झाले, आणि १८ तारखेला विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडवले. गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेचा आवाज तिथे बसला. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली. ज्या काळात तार बंद होती त्या काळात हवा कामी आली. इथे दोन फुटी भिंतीपुढे हवा हरली होती, म्हणून मी तार ओढत होतो.

असो. वाचता वाचता उत्तर सापडले. शंभर मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात. हजाराला, १९९९ च्या मानकाप्रमाणे, चारही लागतात. म्हणजे ९४ हा आकडा उगाच नव्हता, दोन जोड्या मुक्या होत्या. सकाळी टोकाचा पारदर्शक प्लग उजेडात धरला. नारिंगी आणि हिरवी जोडी बसवलेली, निळी आणि तपकिरी कापून मागे दुमडलेली. इलेक्ट्रिशियन हसून म्हणाला, "आम्ही पहिल्यापासून चारच बसवतो साहेब, चालतं की!" चालत होते, खोटे नाही. दोन्ही टोकांना आठही तारा बसवून घेतल्या. वेग २९० च्या वर गेला.

असा मॉनिटर कोणाकडे असेल तर आणखी एक सांगतो. यूएसबी-सीमध्येही वेगवान वाटा चारच. चारही चित्राला दिल्या तर नेटसाठी जुनी ४८० मेगाबिटची यूएसबी उरते आणि प्रत्यक्षात हाती त्याहून बरेच कमी लागते. काही मॉनिटरच्या सेटिंगमध्ये चित्राला प्राधान्य की डेटाला, हे निवडता येते. नेट अडखळत असेल तर ते एकदा पाहावे.

सोमवारी सकाळी मी पणजीला निघालो तेव्हा मागच्या खोलीत बैठक चालू होती. भाची सलग बोलत होती, एकदाही "ऐकू येतंय का" म्हणाली नाही. ताईने कुंद्याचा डबा हातात दिला आणि विचारले, "म्हणजे आता तिला जावं लागणार नाही ना?"

"या तारेमुळे तरी नाही," मी म्हणालो.